मंदीच्या दिवसांतली हजेरी

आमच्या शाळेतल्या गोष्टी मी कधी लिहून ठेवल्या नाहीत. एक सांगायला घ्यावी तर तिच्या पाठोपाठ दुसरी येते, आणि दुसरी पुरी व्हायच्या आत ऐकणारा तिसरीबद्दल विचारतो. परवा मैत्रिणींत बसले होते. एकीने सहज विचारलं, "मंदीत तुमच्या त्या गावात काय गं परिस्थिती होती?" तिला वाटलं असेल, ही दोन वाक्यांत सांगेल. दिवेलागण झाली तरी मी बोलतेच आहे आणि चहाचं दुसरं आधण ठेवलेलं आटून गेलं आहे. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

एकोणीसशे तीस-एकतीसच्या सुमारास बी. ए. होऊन मी पुण्याहून थेट त्या कन्याशाळेत मास्तरीण म्हणून गेले. गाव अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्याही पुढे, खाडीच्या तोंडाशी. शाळेत आम्ही चारजणी. मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, विधवा, पन्नाशीच्या, आवाज असा की दोन वाड्यांपलीकडचं कुत्रं गप्प बसे. शिवणाच्या हलीमाबी. शिपाईण चांगुणा, कोळीवाड्यातली. आणि मी, धाकट्या बाई.

वर्तमानपत्रं तिला मंदी म्हणत, गाव तिला स्वस्ताई म्हणे. नारळ स्वस्त, सुपारी स्वस्त, भात स्वस्त. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "बरं काय वाटायचंय? हे गाव विकत घेणारं नाही, विकणारं आहे."

शाळेला सरकारी ग्रँट होती, तिला एक अट होती. दिपोटीसाहेब तपासणीला येतील त्या दिवशी चाळीस मुली हजर पाहिजेत. एक कमी पडली की ग्रँट बंद, आणि ग्रँट बंद म्हणजे शाळा बंद. आसपास मुलींची दुसरी शाळा नव्हती. मी गेले तेव्हा पटावर चव्वेचाळीस नावं होती आणि वर्गात एकतीस मुली.

*

पहिल्या महिन्याच्या अखेरीला मी खोलीत केस विंचरत बसले होते. बाहेर असा काही गडगडाट झाला की मला वाटलं, घर कोसळलं. मी फणी टाकून मागच्या दाराने पळाले ती थेट विहिरीपाशी.

थोड्या वेळाने चांगुणा शोधत आली. "धाकल्या बाई, हिकडं काय करताव? पगार आयलाय."

पुढे जाऊन बघते तर अंगणात बैलगाडी उभी आणि ओसरीवर नारळांचा ढीग. पालक फी नारळांत देत होते, तेव्हा शाळाही पगार नारळांतच देणार. गाडीवानाने गाडी उलटी करून माझा अख्खा पगार एका दमात ओतला होता. त्यातले दोन पायरीवरून घरंगळत शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेले. ते मागायला जायची मला लाज वाटली. पहिल्याच पगारातले दोन गेले ते गेलेच.

मी घरी पत्र लिहिलं, पगार मिळाला. कशात मिळाला ते लिहिलं नाही, आईला उगीच काळजी. आईचं उलट टपाली उत्तर आलं: "परक्या गावात एकटी आहेस. पगार झोपताना उशाखाली ठेवत जा."

*

मुंबईच्या गिरण्यांतून माणसं कमी केली आणि गावातले गडी आगबोटीने परत येऊ लागले. घरी बसवेना, बाजारात काम नाही. मग ते शाळेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, येऊन बसत. मी तिसरीच्या वर्गात फळ्याकडून वळले की खिडकीत दहा-बारा मिशा. पहिल्या दिवशी माझ्या हातून खडूची पेटीच पडली.

मोठ्या बाईंकडे तक्रार केली तर म्हणाल्या, "ऐकतायत ना? ऐकू दे. फी मागू नकोस म्हणजे झालं."

त्यांच्यात तिसरीतल्या यमुनेचा बाप धर्मा पुढे असायचा. अठरा वर्षं मुंबईच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काढलेली. दुपारी चांगुणाने जेवणाच्या सुट्टीची घंटा दिली की ही सगळी मंडळी एकदम उठत, पंचे झटकत आणि एका रांगेत घरी जात. अंगात गिरणीचा भोंगा मुरलेला. भूक असो नसो, घंटा झाली की पाय घराकडे वळलेच.

पंधरा दिवसांनी मोठ्या बाईंकडे सात बायका आल्या. पुढे धर्माची बायको.

"बाई, ती घंटा जरा उशिरा द्या."

"का?"

"घंटा झाली का माणसं पाटावर येऊन बसतात. भात तर चुलीवरच असतो. मग वरडतात. मुंबईला होते तवा बरं होतं, मनिऑर्डर यायची, माणूस न्हाय यायचा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुली शाळेत का येत नाहीत?"

"भाताला हात लावायला कोणतरी नको? माणसं वाढली घरात."

"म्हणजे घंटा अर्धा तास उशिरा झाली तर तुमचा भात तुमच्या एकटीने होईल?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. होईल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घंटा अर्धा तास उशिरा आणि वर्गात सात मुली जास्त. गडग्यावरची मंडळी मात्र तो अर्धा तास भयंकर अस्वस्थ असत. धर्मा सारखा चांगुणाला विचारी, "आज वव्हरटाईम हाय का?"

*

मग चोरांचं प्रकरण झालं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं होतं. गेले तर एकीच्याही अंगावर सोनं नाही. सगळ्यांच्या हातांत नव्याकोऱ्या काचेच्या बांगड्या, कोपरापर्यंत. मी वेड्यासारखी विचारून बसले, "इथे सोनं घालायची रीत नाही का?"

सगळ्यांनी हात पदराखाली घेतले. मग यजमानीणबाई म्हणाल्या, "घालतो तर. पण हल्ली चोरांचं फार भय आहे, म्हणून काढून ठेवलंय." लगेच दुसरी म्हणाली, तिनेही. तिसरीने तर चोरांच्या पावलांचा आवाज स्वतः ऐकला होता.

आठवड्याच्या आत साऱ्या गावात चोरांची दहशत. किती आहेत, कुठून येतात, अंगाला काय फासतात, सगळं लोकांना माहीत. मी तर खोलीच्या दाराला आतून पगार लावून झोपत असे. धक्का बसला की नारळ गडगडतील आणि मी जागी होईन, असा हिशोब. वाटेत चोर गाठतील म्हणून वरच्या आळीतल्या मुली शाळेत यायच्या बंद झाल्या. अडतिसांवरून हजेरी तेहतिसांवर आली.

मोठ्या बाईंनी आयांची सभा बोलावली. चोर कोणी पाहिला, असं विचारलं. कोणी पाहिला नव्हता, पण सगळ्यांना नक्की ठाऊक होतं. सोनं कुठे ठेवलंय, हे विचारल्यावर सगळ्याजणी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागल्या.

चांगुणा दारात तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "माजी नथ मी इकली. भाद्रपदातच. चोर आयला तर त्याला सांगन, बाबा, तुला उशीर झाला. तुज्या आदी सोनार येऊन गेला."

 मग यजमानीणबाईंच्या तोंडून एक फुसका आवाज आला आणि त्या पदरात तोंड घालून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला असं वाटून मी त्यांच्या पाठीत थापट मारली. "पाटल्यासुद्धा," त्या म्हणाल्या. "माझे गोठ," दुसरी म्हणाली. मग कोणाचं काय काय गेलं, याची चढाओढच लागली.

त्या दिवसापासून गावात एकही चोर दिसला नाही. वरच्या आळीतल्या मुली सोमवारी आल्या.

*

कुसुमचा किस्सा लहान आहे. पाचवीतली कुसुम आठ दिवस आली नाही. चौकशी केली तर तिच्या घरी लग्न. तीन चुलतबहिणींची लग्नं खर्च वाचावा म्हणून एकाच मांडवात उरकायची होती. ती ठीक. पण मांडव घातलाच आहे तर अकरा वर्षांच्या कुसुमचंही त्यातच उरकावं, असं तिच्या वडिलांच्या मनात आलं.

मोठ्या बाई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मी दारातल्या रांगोळीवर पाय पडेल म्हणून जपत आत गेले आणि थेट पाण्याच्या कळशीवर आदळले.

मोठ्या बाईंनी बालविवाहाच्या नव्या कायद्याचं सांगितलं. वडील ऐकून घेऊन म्हणाले, "कायदा आहे, मला माहीत आहे. पण बाई, मांडव एकच, भटजी एकच, आचारी एकच. तीन वर्षांनी एवढीचा पुन्हा वेगळा खर्च कोण करणार? होतंय एकात तर होऊन जाऊ दे."

मोठ्या बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. मग भटजी आलेलेच आहेत, तर तुमचं तेरावंही त्यातच उरकून टाका. मुलांना पुढे वेगळा खर्च नको."

कुसुम दुसऱ्या दिवशी शाळेत आली. वडील वर्षभर मोठ्या बाईंना दिसले की रस्ता बदलत.

*

हलीमाबींचे मालक दाऊदभाई जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. माल नाही म्हणून जहाजं धक्क्याला लागली आणि दाऊदभाई घरी आले. पहाटे उठून ते डेक धुतल्यासारखं घर धूत. बादल्याच्या बादल्या पाणी, समोर येईल त्यावर. शेळीवर, चुलीवर, एकदा सासूवर.

हलीमाबी शिवणयंत्रावर डोकं टेकून म्हणाल्या, "बाई, दोन वर्षांनी महिनाभर यायचा ना, तेव्हा कसा लाडका होता हो."

मोठ्या बाईंनी तोड काढली. खाडीपलीकडच्या सहा मुली येईनाशा झाल्या होत्या, कारण तरीवाला नावाडी रोख मागे आणि रोख कोणाकडेच नव्हती. दाऊदभाईंनी आपल्या होडीतून त्या मुलींना आणायचं ठरलं. हलीमाबींचं घर कोरडं झालं आणि दाऊदभाईंच्या हाताखाली पुन्हा माणसं आली. मुली वेळेवर येत, रांगेत उतरत, आणि होडीत पाय ठेवण्याआधी सलाम करत.

एक दिवस ओहोटीचा अंदाज चुकला. होडी काठापासून हाकेच्या अंतरावर गाळात रुतून बसली. पाणी घोट्याएवढं. मुली उतरून चिखलातून सहज चालत आल्या असत्या. दाऊदभाई उतरू देईनात.

हलीमाबी काठावरून ओरडल्या, "अहो, सोडा पोरींना. पाणी कुठं आहे?"

"जहाज सोडायचा हुकूम कप्तान देतो," दाऊदभाई म्हणाले, "आणि कप्तानाने अजून दिलेला नाही."

"कप्तान कोण?"

"मी."

भरती यायला तीन तास होते. मी रडकुंडीला येऊन मोठ्या बाईंकडे गेले. सहाजणींची गैरहजेरी लावायची म्हणजे त्या महिन्याची सरासरी गेली, आणि तपासणीत हजेरीपटही बघत. त्यांनी विचारलं, "त्यांना तुझा आवाज ऐकू जातो?"

"जातो."

"तुला त्यांचा येतो?"

"येतो."

"मग त्या वर्गातच आहेत. वर्ग जरा लांबट आहे, एवढंच."

मी काठावर उभी राहून हजेरी घेतली. होडीतून "हजर बाई" असे सहा आवाज आले, आणि सातवा दाऊदभाईंचा. मग सतराचा पाढा घेतला. पलीकडच्या काठावर एक म्हातारा जाळं सुकवत होता. सतरा नव्वेला मुली अडल्या तेव्हा त्याने तिकडून उत्तर सांगितलं.

*

शेवटी दिपोटीसाहेबांचं पत्र आलं. गुरुवारी तपासणी. हे साहेब म्हणजे उंच, वाळलेले, हसताना कोणी पाहिलेले नाहीत. एका आठवड्यात दोन शाळा बंद करून आले होते म्हणत. आमच्या मात्र आता पटावरच्या चव्वेचाळीसही मुली रोज येत होत्या. मी मंगळवारी रात्री कितीतरी दिवसांनी स्वस्थ झोपले.

बुधवारी संध्याकाळी गावात दवंडी. एका व्यापाऱ्याला सुपारी सोलून हवी होती, तातडीने, उद्याच. बायका चालतील, मुली चालतील. मजुरी रोख, हातावर.

रोख. हा शब्द गावाने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तासाभरात कळलं की आमच्या अकरा मुली आयांबरोबर जाणार. मोठ्या बाई एरवी कोणाचंही दार ठोठावायला कमी करत नसत. त्या संध्याकाळी त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. "काय तोंडाने सांगू?" एवढंच म्हणाल्या. "त्यांच्या घरात मीठ आणायला पैसा नाहीये."

मी धर्माला गडग्यावर गाठलं. उद्या अकरा जागा रिकाम्या राहिल्या तर शाळा बंद होईल, हे सांगितलं. त्याने बोटांवर अकरा मोजले. मग म्हणाला, "बाई, जागा रिकामी ऱ्हाणार न्हाय. तुमी घाबरू नका." त्याने इतक्या ठामपणे सांगितलं की मी खरंच घाबरले नाही. असं क्वचितच होतं.

सकाळी, तपासणीसाठी सगळ्या इयत्ता एकत्र बसवलेल्या वर्गात गेले आणि चौकटीतच थिजले.

मागच्या ओळीत, अकरा मुलींच्या अकरा जागांवर, सात म्हाताऱ्या बसल्या होत्या. मांडी घालून, समोर पाटी. त्यांच्या शेजारी एक बाळंतीण, बाळ मांडीवर. आणि तीन पोरी, त्यातली सर्वांत मोठी चार वर्षांची. ज्यांचे हात सुपारीला चालत नव्हते, ती सगळी माणसं.

धर्मा खिडकीत उभा होता. मी नुसतं बोट दाखवलं.

"बदली," तो म्हणाला. "गिरणीत आमी असंच करतो. माणूस न्हाय आला तर त्याच्या साच्यावर बदली उभा करायचा. नाव त्याचंच, साचा चालू. मग जागा जात न्हाय." आणि मी बघतच राहिले म्हणून समजावत म्हणाला, "कन्याशाळा हाय, म्हणून आमी सोता बसलो न्हाय. येवढं कळतं आमाला."

काही करायला वेळच नव्हता. मोठ्या बाईंच्या मागोमाग साहेब आत आले. मोठ्या बाईंनी मागच्या ओळीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि उघडले. साहेबांनी हजेरीपट घेतला आणि स्वतः नावं वाचायला लागले. पहिल्या मुलींनी बरोबर उत्तरं दिली. मग आलं, "यमुना धर्मा."

"हजर," मागून घोगरा आवाज आला.

साहेबांनी मान वर केली. धर्माची आई उभी राहिली होती. वाकलेली, तोंडात दोन दात.

"तू यमुना?"

"व्हय."

"वय?"

"नव."

 साहेब तिच्यापाशी गेले आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. "वाच."

तिने पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, उजेडाकडे नेलं. "दिसत न्हाय," ती म्हणाली.

"बरं. मग तोंडी हिशेब सांग. एका रुपयाला वीस नारळ, तर पाच रुपयांना किती?"

पुढच्या ओळीतल्या मुलींचे हात वर गेले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हातारी विचारात पडली.

"नारळ हायत माज्याकडं," ती म्हणाली. "लागतील तेवढे नेवा. पण साहेब, तो रुपया कुठं मिळतो, ते सांगा."

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, ही कोण आहे?"

खोटं बोलायचं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण त्यांनी एकदम विचारलं आणि मी दचकले. दचकले की माझ्या तोंडून खरंच निघतं. "यमुनेची आजी," मी म्हटलं. "यमुना सुपारी सोलायला गेलीय. सगळ्याच गेल्यात. आज रोख मिळणार आहे."

मोठ्या बाई भिंतीला टेकल्या.

म्हातारी अजून उभीच होती. पाटी छातीशी धरून ती म्हणाली, "उद्या येल ना ती. आजच्यापुरती मी हाय. तिची जागा तेवढी मोडू नका."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, खिडकीतल्या मिशांकडे पाहिलं. मग हजेरीपट उघडून उरलेली नावं वाचली. एकेक, सावकाश, शेवटपर्यंत. प्रत्येक नावाला कोणीतरी हजर म्हणालं. बाळंतिणीच्या नावाला बाळच रडलं, तेही त्यांनी धरलं. मग ऑफिसात जाऊन शेरेबुकात काहीतरी लिहिलं, चहा नको म्हणाले आणि छकड्यात बसून निघून गेले.

मोठ्या बाईंना चष्मा सापडेना. मला म्हणाल्या, वाच. मी वही टेबलावर ठेवून वाचू लागले.

"हजेरी चव्वेचाळीस. शाळा व्यवस्थित चालू आहे. ग्रँट पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. इयत्ता तिसरीतील विद्यार्थिनी यमुना हिला वाचताना नीट दिसत नाही, चष्मा लागेल. पालकांच्या नजरेस आणून द्यावे."